भूछत्रातील प्रतिजैविक : न्यूयॉर्कच्या बागेपासून टिरोलच्या कारखान्यापर्यंत

आजच्या धाग्याचा आरंभ एका कबुलीने करणे भाग आहे. गेल्या पावसाळ्यात आल्प्समधील 'ओट्झी' या हिममानवाविषयी लिहिताना मी येथे एक वाक्य लिहून गेले होते : 'पाच हजार वर्षांपूर्वीचा हा मनुष्य प्रतिजैविक सोबत घेऊन फिरत होता.' वाक्य चटकदार होते. तुम्ही त्याला दाद दिली, ते पुष्कळ ठिकाणी फिरले, आणि फिरता फिरता त्याला शेपटे फुटली. तीन महिन्यांनी तेच वाक्य आमच्या कुटुंबाच्या गटावर परत आले. सोबत सल्ला होता, की अळंबीचा अर्क घ्यावा, रासायनिक गोळ्यांची गरज उरत नाही. माझ्या मावशीच्या पायाला तेव्हा चिघळलेली जखम होती. तिने तिसऱ्याच दिवशी गोळ्या थांबवून काढा सुरू केला होता. डॉक्टरांनी रागावून पुन्हा गोळ्या सुरू केल्या आणि जखम भरली. त्या वाक्याची लेखिका मी आहे, हे मात्र मावशीला अजून ठाऊक नाही.

म्हणून हा विषय मुळापासून वाचायला घेतला. हाती आलेली कथा माझ्या वाक्याहून बरीच निराळी होती, आणि खरे सांगायचे तर अधिक रंजकही.

प्रथम ओट्झीविषयी. १९ सप्टेंबर १९९१ रोजी ऑस्ट्रिया-इटलीच्या सीमेवरील हिमनदीत त्याचा देह सापडला. काळ सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा. त्याच्या सामानात चामड्याच्या पट्टीत ओवलेले कवकाचे दोन तुकडे होते. ते बर्च वृक्षावर वाढणाऱ्या, टाचेच्या आकाराच्या कवकाचे आहेत, हे संशोधकांनी निश्चित केले. १९९८ साली लुइजी कापासो या इटालियन अभ्यासकाने 'लॅन्सेट'मध्ये असे मत मांडले, की ओट्झीच्या आतड्यांत कृमींची अंडी आढळली आहेत, त्यामुळे हे तुकडे कृमींवरील औषध असावेत. हे मत आहे, पुरावा नव्हे. तुकडे सापडले ही वस्तुस्थिती. ते औषध होते हा तर्क. ते जीवाणूंविरुद्धचे औषध होते हा त्या तर्कावर रचलेला दुसरा तर्क. त्याच कवकाच्या संवर्धातून २००० साली पिप्टामाइन नावाचे प्रतिजैविक वेगळे करण्यात आले हे खरे आहे. पण प्रयोगशाळेत सापडलेल्या त्या रेणूवरून हिममानवाच्या मनातील हेतू सिद्ध होत नाही. इतिहासाच्या पहिल्या वर्षाला शिकवतात ती ही गोष्ट मी विसरले होते.

आपल्याकडील प्राचीन साधने काय सांगतात, हेही पाहिले. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सेहेचाळिसाव्या अध्यायात पेंढा, ऊस, शेण, बांबू आणि जमीन यांवर उगवणाऱ्या भूछत्रांचा निरनिराळा उल्लेख येतो. ज्या गोष्टीवर भूछत्र उगवते तिच्यावरून त्याचे गुण ठरतात, ही त्यामागील दृष्टी मार्मिक आहे, कारण कवकाचे अन्न तेच असते. परंतु हा उल्लेख शाकांच्या, म्हणजे खाद्यांच्या वर्गात आहे. व्रणचिकित्सेसाठी सुश्रुत ख्यातनाम. तरी येथे त्याने भूछत्राला भाजीच्या पंक्तीत बसवले आहे, जखमेवरील लेपाच्या नव्हे. मनुस्मृतीने तर छत्राक द्विजांना निषिद्धच ठरवले. 'आपल्या पूर्वजांना सारे ठाऊक होते' असे म्हणणाऱ्यांनी ही दोन्ही स्थळे एकदा पाहावीत.

खरी कथा विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात सुरू होते.

१९४० साली ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी आणि चेन यांनी पेनिसिलिनने उंदरांचे प्राण वाचवले. १९४१ च्या फेब्रुवारीत अल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायावर ते वापरण्यात आले. तो सुधारू लागला, औषधाचा साठा संपला आणि मार्चमध्ये तो दगावला. पुढची दोन-तीन वर्षे साऱ्या जगाला एकच ध्यास होता : आणखी कोणत्या बुरशीत असे काही दडले आहे? पेनिसिलिअम ही पावावर, फळांवर चढणारी सूक्ष्म बुरशी. मग तिच्या दूरच्या, धिप्पाड नातेवाइकांत, म्हणजे जंगलात छत्र्या उभारणाऱ्या कवकांत, शोध का घेऊ नये?

हा प्रश्न एकाच वेळी अनेकांना पडला. ऑक्सफर्डमध्ये विल्किन्स आणि हॅरिस यांनी मोठ्या भूछत्रांच्या तपासणीचा अहवाल १९४४ साली प्रसिद्ध केला. ऑस्ट्रेलियात ॲडलेड येथील जीवाणुशास्त्रज्ञ नॅन्सी ॲटकिन्सन यांनी १९४६ मध्ये 'नेचर'मध्ये लिहिले, की त्यांनी तपासलेल्या काही भूछत्रांतील द्रव्ये विषमज्वराच्या जीवाणूला आणि क्षयजंतूच्या कुळातील एका जीवाणूला रोखतात. परंतु सर्वांत चिकाटीचे काम झाले ते एका बागेत.

न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डन म्हणजे ब्रॉन्क्समधील विस्तीर्ण वनस्पतिउद्यान. त्याचे संचालक विल्यम जे. रॉबिन्स हे वनस्पतींच्या आणि कवकांच्या पोषणाचे अभ्यासक. कोणत्या कवकाला कोणते जीवनसत्त्व बाहेरून द्यावे लागते, हा त्यांचा आवडता विषय. कवके काचेच्या भांड्यात कशी वाढवावीत याचा त्यांना दीर्घ अनुभव होता, आणि पुढे हीच गोष्ट निर्णायक ठरली. त्यांच्या सोबत फ्रेडरिक कॅव्हना, अ‍ॅनेट हर्वी आणि रसायनतज्ज्ञ मार्जोरी अँचेल ही मंडळी होती.

यांतील अ‍ॅनेट हर्वी यांच्यापाशी थोडे थांबू. १९४७ साली त्यांनी एकटीच्या नावे एक निबंध प्रसिद्ध केला. विषय : ५०० भूछत्रवर्गीय कवकांची जीवाणुरोधक तपासणी. पाचशे हा आकडा वाचायला सोपा आहे. त्यामागचे श्रम पाहा. पेनिसिलिअम काही दिवसांत वाढते. भूछत्रांचे तंतू आठवडे घेतात. प्रत्येक जातीचे निर्भेळ संवर्ध मिळवायचे, ते जिवंत ठेवायचे, आगरच्या थरावर वाढू द्यायचे, मग शेजारी जीवाणूंची रेघ ओढायची आणि ती रेघ कवकाच्या दिशेने वाढते की अलीकडेच थांबते, हे पाहायचे. थांबली, तर त्या मोकळ्या पट्ट्यात काहीतरी झिरपले आहे असे समजायचे. असे पाचशे वेळा. या शोधाच्या संक्षिप्त इतिहासात बहुधा रॉबिन्स किंवा कॅव्हना यांचे नाव आधी येते. चाळणीचे काम ज्या व्यक्तीने केले तिचे नाव मधल्या जागी राहते, किंवा 'आदी' या शब्दात विरघळते.

येथे एक भेद नीट ध्यानात घ्यावा, कारण माझी आणि त्या फिरत्या निरोपाची चूक नेमकी यातच आहे. आपण ज्याला भूछत्र किंवा अळंबी म्हणतो, ते कवकाचे फळ. खरे कवक म्हणजे जमिनीत, लाकडात, शेणात पसरलेले तंतूंचे जाळे. जीवाणूंशी त्याचा अन्नासाठी झगडा चालतो तो त्या जाळ्यात. म्हणून विषारी अस्त्रेही बहुधा तेथेच तयार होतात. न्यूयॉर्कच्या मंडळींनी भूछत्रे उकळून अर्क काढला नाही. त्यांनी तंतूंचे जाळे द्रव अन्नात आठवडेच्या आठवडे वाढवले आणि त्या द्रवात काय उतरले ते तपासले. ताटातील भाजी आणि हा द्रव यांत आंब्याचा गर आणि आंब्याच्या मुळाशी झिरपणारा रस यांच्याइतके अंतर आहे.

पहिली फळे उत्साहवर्धक होती. १९४७ साली 'प्ल्युरोटस ग्रिसिअस' या कवकातून प्ल्युरोटिन हाती आले. १९५० मध्ये 'क्लिटोसायबी इल्युडेन्स'ची तपासणी प्रसिद्ध झाली. हे नारिंगी, रात्री मंद उजळणारे भूछत्र. त्यातील इल्युडिन जीवाणूंना मारी, पण प्राण्यांच्या पेशींनाही मारी. जीवाणुनाशक असणे आणि औषध असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा याहून स्वच्छ दाखला क्वचितच मिळेल. फिनेलही जीवाणूंना मारते. (इल्युडिनच्या एका सुधारित रूपाची पुढे कर्करोगावरील औषध म्हणून चाचणी झाली, पेशी मारण्याचा गुण तेथे कामाला लावण्याचा तो प्रयत्न होता.)

आणि मग १९५१. निबंधमालेचा आठवा भाग. कवके दोन : 'प्ल्युरोटस म्यूटिलस' आणि 'प्ल्युरोटस पासेकेरिआनस'. दोहोंतून एकच स्फटिकरूप द्रव्य मिळाले. पहिल्याच्या नावावरून त्याला प्ल्युरोम्यूटिलिन म्हटले गेले. आज ही कवके 'क्लिटोपायलस' या प्रजातीत गणली जातात. या प्रजातीतील 'क्लिटोपायलस प्रुन्युलस' हे ताज्या पिठासारखा वास येणारे भूछत्र युरोपात आवडीने खाल्ले जाते. आपल्या कथेतील 'पासेकेरिआनस' मात्र अळंबीच्या लागवडीत तणासारखे उगवणारे लहानसे पांढरे कवक आहे. शेतकऱ्याने उपटून फेकावे असे.

हे द्रव्य काय करते? प्रत्येक पेशीत रायबोसोम नावाचे माग असतात आणि त्यांवर प्रथिने विणली जातात. मागावर जेथे एक दुवा पुढच्या दुव्याला जोडला जातो, नेमक्या त्या खाचेत प्ल्युरोम्यूटिलिन जाऊन बसते. विणकाम थांबते. जीवाणूंचा माग आणि आपला माग यांच्या घडणीत फरक असल्याने आपल्या पेशी बऱ्याच अंशी सुटतात. पेनिसिलिनची तऱ्हा निराळी. ते जीवाणूच्या पेशीभित्तिकेच्या बांधकामात विघ्न आणते. म्हणून ज्या मायकोप्लाझ्मा जीवाणूंना भित्तिकाच नसते त्यांच्यापुढे पेनिसिलिन हतबल ठरते. प्ल्युरोम्यूटिलिन ठरत नाही.

इतके असूनही हा शोध अडगळीत पडला. कारण समजण्यासाठी तो काळ डोळ्यांपुढे आणावा लागेल. १९४३ साली वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ यांनी मातीतील स्ट्रेप्टोमायसीस जीवाणूपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळवले. त्यापाठोपाठ त्याच कुळातून प्रतिजैविकांची रीघ लागली. हे जीवाणू थोडक्या दिवसांत, मोठ्या टाक्यांत, मुबलक वाढत. त्यांच्यापुढे आठवडे घेणाऱ्या, उत्पन्न तुटपुंजे देणाऱ्या भूछत्रांच्या तंतूंकडे कोण पाहणार? आपल्याकडेही १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली ती पेनिसिलिनसाठी, आणि पुढे तेथे सापडलेले हॅमायसिन हेही स्ट्रेप्टोमायसीसचेच देणे. अँचेल यांनी १९५२ मध्ये प्ल्युरोम्यूटिलिनचे रसायन उलगडण्यास आरंभ केला. साठीच्या दशकात झुरिचचे आरिगोनी आणि स्वतंत्रपणे बर्च यांनी त्याची रचना निश्चित केली. पाच, सहा आणि आठ कार्बनांच्या तीन जोडलेल्या वलयांचा हा विलक्षण रेणू रसायनशास्त्रज्ञांना मोहवणारा होता. औषधाच्या दुकानात मात्र तो नव्हता.

कथेला वळण मिळाले ऑस्ट्रियातील टिरोल प्रांतात. महायुद्धानंतर हा भाग फ्रेंचांच्या ताब्यात होता. कुंडल गावातील बंद पडलेल्या बीअरच्या कारखान्यात १९४६ साली पेनिसिलिन बनवण्यासाठी 'बायोकेमी' ही कंपनी उभी राहिली. आंबवण्याच्या टाक्या, पाणी, जागा सारे तयार होते. बीअरऐवजी बुरशी वाढवायची, एवढाच फरक. पुढे ही कंपनी सँडोझकडे गेली. तेथील ब्रांडल आणि क्नाउझेडर यांनी प्ल्युरोम्यूटिलिन मोठ्या प्रमाणावर आंबवून मिळवण्याची रीत बसवली. एगर आणि राइन्सहागेन यांनी त्याची रूपे पालटून अधिक प्रभावी संयुगे घडवली आणि १९७६ साली ती प्रसिद्ध केली. त्यांतील टायाम्यूलिन १९७९ मध्ये बाजारात आले.

माणसांसाठी नव्हे. डुकरांसाठी.

वराहपालनात रक्ती हगवण आणि मायकोप्लाझ्माचा फुप्फुसदाह हे मोठे रोग. टायाम्यूलिन त्यांवर गुणकारी ठरले; कोंबड्यांतही वापरले जाऊ लागले. तेथे एक जीवघेणी अडचण उद्भवली. कॉक्सिडिओसिस हा रोग टाळण्यासाठी कोंबडीखाद्यात मोनेन्सिनसारखी द्रव्ये मिसळतात. टायाम्यूलिन यकृतात त्यांचे विघटन रोखते, ती अंगात साचतात आणि पक्षी मरतात. औषध रोगाला मारत होते. पक्ष्याला मारत होता तो दुसऱ्या औषधाशी झालेला संयोग. 'नैसर्गिक आहे, म्हणजे अपाय नाही' असे म्हणणाऱ्यांना मी आता हे उदाहरण देते.

माणसांचे काय? ॲझाम्यूलिन नावाचे एक रूप मानवी चाचणीच्या पहिल्या टप्प्यापर्यंत गेले. पण ते पाण्यात नीट विरघळेना, आणि प्रयत्न तेथेच थांबला. दरम्यान रुग्णालयांतील जीवाणू एकेका जुन्या औषधाला दाद देईनासे झाले. नवीन प्रतिजैविके आटली. तेव्हा कुठे जुन्या कपाटांकडे लक्ष गेले. २००४ मध्ये आदा योनाथ यांच्या गटाने टायाम्यूलिन रायबोसोमच्या कोणत्या खाचेत बसते त्याचे स्फटिकचित्रच समोर ठेवले. २००७ साली रेटापाम्यूलिन हे त्वचेवरील मलम मान्य झाले. आणि १९ ऑगस्ट २०१९ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने लेफाम्यूलिनला मान्यता दिली : न्यूमोनियासाठी, शिरेतून आणि तोंडावाटेही घेता येणारे, या कुळातील पहिले औषध.

१९५१ ते २०१९. अडुसष्ट वर्षे.

येथे टाळी वाजवून थांबावे असे वाटते, पण पुढची ओळही इतिहासाचीच आहे. लेफाम्यूलिन घडवणारी नाब्रिव्हा ही कंपनी २०२३ च्या जानेवारीत आपला कारभार आवरता घेत असल्याचे जाहीर करून बसली. नवे प्रतिजैविक जपून, थोडक्यांनाच द्यायचे असते, अन्यथा जीवाणू त्यालाही सरावतात. जे जपून वापरायचे ते विकले कमी जाते. जे विकले कमी जाते त्यावर कंपनी जगत नाही. माझ्या मते या साऱ्या कथेतील सर्वांत कठीण गाठ रसायनाची नसून हीच आहे, आणि ती प्ल्युरोम्यूटिलिनपुरती मर्यादित नाही.

आता पुन्हा स्वयंपाकघरात येऊ, कारण 'मग खाण्याच्या अळंबीत काहीच नाही का' असे तुम्ही विचारणार. आहे. जपानी शीताके घ्या. त्याला विशिष्ट गंध देणारे गंधकयुक्त लेंथिओनिन साठीच्या दशकात जपानी संशोधकांनी वेगळे केले. ते काचतबकडीत बुरशी आणि जीवाणू या दोहोंना रोखते. शीताके, धिंगरी, बटण अळंबी यांच्या अर्कांवर शेकडो निबंध आहेत. बहुतेकांची पद्धत एकच : अर्क काढा, कागदाच्या चकतीवर टाका, जीवाणूंच्या थरावर ठेवा, भोवतालचे मोकळे वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजा. वर्तुळ दिसते, यात शंका नाही. प्रश्न असा, की ते कशामुळे दिसते?

२००३ साली ऑस्ट्रेलियातील एका गटाने हाच प्रश्न शीताकेच्या संवर्धद्रवाला विचारला. उत्तर निघाले ऑक्झॅलिक आम्ल. म्हणजे आपल्या अळूच्या पानांत, चुक्यात असते ते. त्या निबंधाच्या शीर्षकातच अशा अर्कांविषयी सावधगिरीचा इशारा होता. अळूवडीत असते त्या आम्लाने जीवाणू थबकले, म्हणून अळूवडीला प्रतिजैविक म्हणायचे का? शिवाय तबकडीतील अर्क थेट जीवाणूंवर पडतो. पोटात गेलेला अर्क जठराग्नीतून, आतड्यातून, यकृतातून जातो आणि जखमेपर्यंत त्यातील किती पोहोचतो, हे वर्तुळ सांगत नाही. प्ल्युरोम्यूटिलिन हे शुद्ध स्फटिक हाती असूनही माणसाच्या रक्तात ते कामाचे व्हायला अडुसष्ट वर्षे गेली. काढ्याला एक रात्र कशी पुरेल? आणि रानातून स्वतः वेचून काढा करणाऱ्यांसाठी एवढेच, की विषारी भूछत्र ओळखण्याची कोणतीही घरगुती परीक्षा, मग ती चांदीच्या चमच्याची असो वा लसणाची, विश्वासार्ह नाही.

एक शेवटचा तपशील, जो मला स्वतःला फार आवडला. २०१६ साली ब्रिस्टलच्या संशोधकांनी 'क्लिटोपायलस पासेकेरिआनस'मधील प्ल्युरोम्यूटिलिन घडवणारी सात जनुके शोधून काढली आणि ती 'अ‍ॅस्परजिलस ओरायझी'मध्ये बसवली. ही जपानची कोजी बुरशी. साके आणि सोया सॉस जिच्यामुळे होतात ती. कोजीने ते प्रतिजैविक बनवून दाखवले. वाफ्यातील तणाची विद्या अशा रीतीने स्वयंपाकघरातील बुरशीला शिकवली गेली.

आणि हो, ओट्झीही टिरोलच्याच डोंगरांत सापडला आणि कुंडलचा कारखानाही टिरोलमध्येच. या योगायोगावर एक झकास वाक्य मला सुचले होते. ते मी लिहिणार नाही. गेल्या वर्षीच्या धाग्यातील ते जुने वाक्य काढून टाकलेले नाही. त्याखाली दुरुस्ती जोडली आहे आणि या धाग्याचा दुवाही. मावशीला आज रात्री फोन करणार आहे.